साठीची रेघ

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे बहुधा थट्टेने वापरली जाते. घरातील वडीलधारी माणसे डोक्यावर ठेवलेला चष्मा घरभर शोधतात, मग स्वतःच ही म्हण स्वतःला लावून घेतात आणि विषय हसण्यावारी जातो. पण हीच समजूत एखाद्या देशाच्या नियमपुस्तकात शिरली तर? अमेरिकेत तसे घडले. १५ मार्च १९६० पासून तेथे मोठ्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांना वयाच्या साठाव्या वाढदिवशी प्रवासी विमानाची धुरा खाली ठेवणे सक्तीचे झाले. हा नियम जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे टिकला. साठ हाच आकडा का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास ते इतिहासात सापडते, असे आम्हांला वाटते.

१९५८च्या अखेरीस अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीच्या वैमानिकांनी संप केला आणि तो १९५९च्या जानेवारीपर्यंत चालला. त्याच महिन्यात कंपनीची बोइंग ७०७ जातीची जेट विमाने प्रवासी वाहतुकीत उतरली. पंख्याच्या विमानांवर आयुष्य घालवलेल्या वैमानिकांना या नव्या यंत्रासाठी तयार करणे अवघड जाते, अशी कंपनीची तक्रार होती. साठीला पोचलेल्या वैमानिकांना तिने घरी पाठवले. वैमानिकांच्या संघटनेने दाद मागितली, आणि लवादाने कौल वैमानिकांच्या बाजूने दिला. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये केंद्रीय विमान वाहतूक संस्थेचे प्रमुख एलवुड क्वेसाडा यांना पत्र लिहून सरकारनेच वयाची मर्यादा घालावी अशी विनंती केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नियम जाहीर झाला. क्वेसाडा १९६१ मध्ये पदावरून उतरले आणि पुढे अमेरिकन एअरलाइन्सच्याच संचालक मंडळावर गेले. एवढ्यावरून आरोप सिद्ध होत नाही, हे खरे. पण कालक्रम नजरेआड करता येत नाही.

तरीही नियमाची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वयाबरोबर हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा धोका वाढतो. तो झटका नेमका कोणाला व केव्हा येईल हे आधी सांगणारी तपासणी उपलब्ध नाही. आणि वैमानिकाच्या हाती शंभराहून अधिक जीव असतात. संघटना न्यायालयात गेली, परंतु १९६० मध्ये अपील न्यायालयाने तज्ज्ञ संस्थेचा अधिकार मान्य केला.

पुढे १९७९ मध्ये अमेरिकी संसदेने या प्रश्नाचा अभ्यास करण्याचा आदेश दिला. १९८१ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ समितीने अहवाल दिला. साठ या वयाला खास वैद्यकीय महत्त्व असल्याचा पुरावा नाही, असा तिचा एक निष्कर्ष होता. आणि तरीही नियम तूर्त कायम ठेवावा, असा दुसरा. वरवर पाहता ही विसंगती वाटते. वस्तुतः समितीने प्रामाणिकपणे एवढेच सांगितले की, माणसाची क्षमता मोजणारे भरवशाचे साधन हाती नाही, म्हणून आपण त्याचे वय मोजतो. वयाचा दाखला सर्वांकडे असतो, ही त्याची सोय.

ही सोय किती विचित्र रूपे घेते, ते कॉकपिटमध्येच पाहावे. तेव्हाच्या विमानांत पुढे दोन वैमानिक आणि मागे तिसऱ्या आसनावर फ्लाइट इंजिनिअर असे. साठीचा नियम पुढच्या दोन आसनांपुरताच होता. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लाइट इंजिनिअरांना साठीला सक्तीने निवृत्त करणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. म्हणजे तोच माणूस, त्याच विमानात, चार फूट मागे बसला तर चालत होते.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेडचे विमान क्रमांक २३२ सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झालेल्या अवस्थेत सू सिटी येथे उतरवण्यात आले. २९६ जणांपैकी १८४ वाचले. कॅप्टन अल हेन्स तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. दोन वर्षांनी नियमाप्रमाणे निवृत्त झाले. एका उदाहरणाने नियम खोटा ठरत नाही, हे आम्ही जाणतो. पण अनुभव नावाची जी गोष्ट त्या दिवशी कामी आली, तिच्यासाठी वयाच्या दाखल्यात रकाना नव्हता.

दरम्यान बाजू पालटल्या होत्या. नियमाविरुद्ध लढलेली वैमानिकांची संघटनाच १९८०च्या सुमारास त्याची समर्थक झाली. कारण ज्येष्ठता यादी. कोणते विमान, कोणता मार्ग, किती पगार हे सारे यादीतील क्रमांकावर ठरते. वरचा एक गेला की खालचे सगळे एक पायरी चढतात. ज्याला एकेकाळी अन्याय म्हटले, तोच तरुणांचा हक्क झाला. २००१ नंतर कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, २००५ मध्ये युनायटेडच्या निवृत्तिवेतन योजना संपुष्टात आल्या, आणि साठीनंतरची पाच वर्षे पुन्हा मोलाची वाटू लागली.

नोव्हेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मर्यादा पासष्टवर नेली. मात्र साठी उलटलेल्याच्या शेजारी साठीच्या आतला वैमानिक हवा, अशी अट घातली. ती २०१४ मध्ये उठली. अमेरिकेत १३ डिसेंबर २००७ रोजी पासष्टचा कायदा झाला. ज्यांची साठी त्याआधी उलटून गेली होती, त्यांना जुनी ज्येष्ठता घेऊन परतण्याची वाट उरली नाही. यायचे तर नवशिक्याप्रमाणे यादीच्या तळाशी. काही दिवसांच्या फरकाने कोणाला पाच वर्षे मिळाली, कोणाला मिळाली नाहीत. युरोपातही २०११ मध्ये तेथील न्यायालयाने लुफ्तान्साच्या करारातील साठीची अट भेदभावाची ठरवली. २०२३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने सदुसष्टचा प्रस्ताव मंजूर केला. संघटनेने त्याला विरोध केला, आणि २०२४च्या अंतिम कायद्यात पासष्टच राहिले.

या सगळ्या वादात जे. आर. डी. टाटांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू येथे विमान आणले. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तोच प्रवास त्यांनी पुन्हा एकट्याने केला. त्या विमानात तिकीट काढलेला प्रवासी नव्हता, म्हणून कोणताही नियम आडवा आला नाही. हा फरक योग्यच आहे. स्वतःचा जीव पणाला लावणे निराळे, दुसऱ्याचा निराळे.

म्हणून रेघ नकोच, असे आमचे म्हणणे नाही. नेमून दिलेल्या तारखेला वर्गाबाहेर पडणाऱ्या आम्हां अध्यापकांना रेघेची गरजही कळते आणि तिचा आंधळेपणाही. आमचे म्हणणे इतकेच की, रेघ माणसांनी ओढलेली असते. संप, पत्रे, पेन्शन आणि यादी यांच्या दाटीत ओढलेली असते. ती शरीरधर्माच्या नावाने खपवली गेली की तिच्याशी वाद घालणे कठीण होते, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्याचे राहून जाते.