शिरामार्गे पोषण : एका भेदाचा इतिहास

ज्या रुग्णास मुखावाटे अन्न घेता येत नाही, त्याच्या शिरेत पाणी सोडणे व त्यास शिरेवाटे अन्न देणे या दोन भिन्न गोष्टी होत. वैद्यकास हे अंतर ओलांडण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

१८३२ मध्ये स्कॉटलंडातील लीथ येथे टॉमस लॅटा याने पटकीच्या मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. त्यास आधार होता तो विल्यम ओशॉनेसी याने केलेल्या पटकीग्रस्तांच्या रक्तपरीक्षणाचा. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला व भारतातील तारायंत्राचा प्रवर्तक ठरला. लॅटाच्या उपायाने शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून निघत. पोषण मात्र त्यात नव्हते.

पुढे द्राक्षशर्करा देण्यात येऊ लागली. परंतु ५ टक्के द्रावणाच्या एका लिटरातून जेमतेम २०० उष्मांक मिळतात. तीन लिटर दिले तरी प्रौढाची गरज भागत नाही आणि द्रावण तीव्र केल्यास हाताची बारीक शीर सुजते. या उपासमारीची किंमत १९३६ मध्ये हायरम स्टडली याने दाखवून दिली : जठरव्रणाच्या ज्या रुग्णांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी पाचव्या हिश्श्याहून अधिक घटले होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या मानाने कितीतरी अधिक होते. १९३७ मध्ये रॉबर्ट एल्मन याने विघटित प्रथिने शिरेतून दिली. १९६१ मध्ये स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड याने सोयाबीन तेलाचे निर्धोक पायस सिद्ध केले.

तीव्र द्रावणाची अडचण फिलाडेल्फियात सुटली. हृदयानजीकच्या मोठ्या शिरेत रक्ताचा ओघ इतका असतो की द्रावण तत्काळ विरल होते. या मार्गाने स्टॅन्ली डड्रिक व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रथम कुत्र्यांची पिले वाढविली. नंतर, १९६७ मध्ये, जिचे लहान आतडे जवळजवळ नव्हतेच अशा एका नवजात बालिकेचे त्यांनी याच मार्गाने पोषण केले. ती वाढली, सुमारे २२ महिने जगली.

तथापि या यशाबरोबरच त्याची मर्यादाही कळून आली. नळीवाटे जंतू रक्तात शिरतात, दीर्घकाळ उपचार चालल्यास यकृतास इजा पोहोचते. म्हणून आतडे अवरुद्ध, अतिशय तोकडे वा निकामी झाले असेल तेव्हाच हा मार्ग पत्करावा; ते कार्यक्षम असल्यास, नळीने का होईना, अन्न त्यातच द्यावे, हा नियम रूढ झाला. आपल्याकडे ‘सलाईन’ लावल्याने अंगात शक्ती येते असा समज अद्याप आढळतो. उपाशी रुग्णाच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो, हे या इतिहासावरून ध्यानी यावे.