म्हातारी प्रियस आणि दहा कलमी यादी

गेले तीन वीकएंड इथे काही लिहिलं नाही. तिन्ही वीकएंड एका कागदाने खाल्ले.

तर झालं असं की मागच्या महिन्यात गाडी ऑइल चेंजला डीलरकडे नेली. गाडी म्हणजे २०११ची टोयोटा प्रियस, १,२४,००० मैल झालेली. इथे कॅलिफोर्नियात आल्यावर जी परवडली ती सेकंडहँड घेतली. तासाभराने सर्व्हिस ॲडव्हायझरने हसतमुखाने एक छापील कागद हातात ठेवला. दहा कलमं, एकूण ३,१८० डॉलर. गाडी विकायला काढली तर कशीबशी याच्या दुप्पट रक्कम येईल!

एरवी मी कागदाची घडी करून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकली असती. पण तीन महिन्यांनी आमच्याकडे बाळ येणार आहे. रात्री दोन वाजता हॉस्पिटलला निघालो आणि गाडी फ्रीवेवर बसली तर? आणि घाबरून सगळं करून घेतलं तर तेच तीन हजार नंतर कुठून आणायचे? बायको म्हणाली, "तू मेकॅनिकल इंजिनिअर ना? मग ठरव." डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी आयटीत असली की असे टोमणे खावे लागतात :-)

सांगलीला बाबांना फोन केला. त्यांनी बजाज चेतक बावीस वर्षं चालवली आहे. ते म्हणाले, "मला तुमचं हायब्रिड कळत नाही. पण जुना पार्ट बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, एवढं लक्षात ठेव."

मग मी कागद घेऊन बसलो. प्रत्येक ओळीवर वाचत गेलो आणि हळूहळू लक्षात आलं की ही यादी कोणा एकाने एका दिवसात लिहिलेली नाही. शंभर वर्षांत ती थरावर थर साचत आली आहे, अगदी आपल्या लेगसी कोडसारखी. प्रत्येक ओळ कधीतरी खऱ्या कारणाने लिहिली गेली. कारण गेलं, ओळ राहिली, आणि ती काढायची हिंमत कोणाला होत नाही. म्हणून मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा ठरवला: बाई, तुझा जन्म कोणत्या काळातला?

सुरुवात सगळ्यात मजेशीर ओळीपासून. यादीत दुसरं कलम होतं: "ड्राइव्ह बेल्ट, बदलण्याची शिफारस". साध्या पेट्रोल गाडीत इंजिनच्या पुढे रबरी पट्टा असतो. तो अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. पट्टा तुटला की गाडी बसली. पण २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये पाण्याचा पंप विजेवर चालतो, एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि अल्टरनेटर मुळात नाहीच. थोडक्यात, माझ्या गाडीत बदलायला बेल्टच नाही! दुसऱ्या दिवशी ॲडव्हायझरला विचारलं तर तो बिचारा ओशाळला आणि त्याने पेनाने ओळ खोडली. चोरी वगैरे काही नव्हती. सगळ्या गाड्यांना एकच टेम्प्लेट, एवढंच.

स्टार्टरची गोष्टही अशीच गमतीची. १९१२ साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसवला आणि हँडल मारून गाडी सुरू करण्याचा जाच संपला. पुढे शंभर वर्षं प्रत्येक पेट्रोल गाडीत स्टार्टर आला आणि गॅरेजांना त्याचं कामही मिळालं. प्रियसमध्ये तो वेगळा भागच नाही. बॅटरी चार्ज करणारी मोटरच इंजिनलाही सुरू करते.

हे कसं जमलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९७१ साली टीआरडब्ल्यू या अमेरिकी कंपनीतल्या बर्मन, गेल्ब आणि रिचर्डसन या इंजिनिअरांना एका रचनेचं पेटंट मिळालं. इंजिन आणि दोन विद्युत मोटरी एकाच एपिसायक्लिक गिअरला जोडायच्या आणि गरजेप्रमाणे ताकद वाटून घ्यायची. (थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात ज्या गिअर ट्रेनने आपले मार्क खाल्ले, तीच ही!) तेव्हा या सगळ्यावर ताबा ठेवायला स्वस्त कॉम्प्युटर नव्हते. ते यायला वीस-पंचवीस वर्षं गेली.

१९९३ साली टोयोटाने एकविसाव्या शतकाची गाडी म्हणून 'जी२१' प्रकल्प सुरू केला आणि ताकेशी उचियामादा यांच्याकडे सोपवला. नेहमीच्या गाडीच्या दीडपट मायलेजचं लक्ष्य पुढे दुप्पट झालं आणि हायब्रिडशिवाय पर्याय उरला नाही. १९९५ च्या अखेरीस पहिला प्रोटोटाइप तयार झाला, पण तो ४९ दिवस जागचा हलला नाही! रिलीज ब्रांचवर बिल्ड अडकल्यावर आपली काय अवस्था होते ते आठवा. तरीही डिसेंबर १९९७ मध्ये गाडी जपानच्या बाजारात आली, आणि २००० साली अमेरिकेत.

आता या इतिहासाच्या उजेडात पुढचं कलम बघा: "ट्रान्समिशन फ्लश". नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या चकत्या घासतात आणि त्यांचा कचरा तेलात उतरतो. माझ्या गाडीत क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, रिव्हर्सचा वेगळा गिअरसुद्धा नाही. मोटर उलटी फिरली की गाडी मागे जाते. कंपनीचं पुस्तक नेहमीच्या वापरासाठी हे तेल फक्त तपासायला सांगतं. तरी इतक्या वर्षांत तेल जुनं होतंच, म्हणून साधं ड्रेन करून नवं भरायचं ठरवलं. मशीन लावून फ्लश करायला नकार.

पुढे "पुढचे ब्रेक पॅड". हायब्रिड गाडी हळू करताना बराचसा भार मोटर घेते आणि वीज परत बॅटरीत जाते, त्यामुळे पॅड लाख-लाख मैल टिकतात. मी विचारलं, "किती मिलिमीटर उरलेत?" उत्तर: सात. मग बदलायचे कशाला? उलट कमी वापरामुळे कॅलिपरच्या पिना गंजून अडकायची भीती असते. त्या साफ करून ग्रीस लावायला सांगितलं. हे काम मात्र यादीत नव्हतं.

इथवर येईपर्यंत मी भलताच खुशीत होतो. "बघ, सगळे लुटारू!" असं बायकोला दोनदा म्हणूनही झालं. आणि इथेच मी चुकणार होतो.

कारण यादीत स्पार्क प्लगही होते. कंपनीच्या पुस्तकात त्यांना १,२०,००० मैल दिलेत आणि माझी गाडी त्यापुढे गेलेली. कूलंट होतं. इंजिनचं कूलंट पहिल्यांदा १,००,००० मैल किंवा दहा वर्षांनी बदलायचं असतं, आणि मागच्या मालकाकडे पावती नव्हती. पट्टा गेला, पण उष्णता थोडीच गेली? इन्व्हर्टरलाही स्वतःचं वेगळं कूलंट लागतं. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, मग गाडी हायब्रिड असो वा फियाट. भौतिकशास्त्राला टेम्प्लेटशी देणंघेणं नाही. डीलर म्हणजे चोर असं एकदा ठरवलं की विचार करायचे कष्ट वाचतात, आणि डोळे मिटून सही करणाऱ्याचेही तेच वाचतात.

हा अविश्वास आला कुठून, याचाही इतिहास आहे. कॅलिफोर्नियात १९७१ साली गाडीदुरुस्तीचा कायदा झाला आणि ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर स्थापन झालं. पुढे या ब्यूरोने सिअर्स या प्रचंड मोठ्या दुकानसाखळीच्या गॅरेजांत साध्या वेशातली माणसं गाड्या घेऊन पाठवली. ३८ पैकी ३४ वेळा गरज नसलेली कामं गळ्यात मारल्याचा आरोप ब्यूरोने १९९२ साली केला. तिथल्या ॲडव्हायझरांना विक्रीवर कमिशन मिळायचं. कंपनीचा बचाव असा, की ही तर प्रतिबंधात्मक देखभाल! शेवटी कमिशनची ती पद्धत बंद करावी लागली आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. 'आत्ता हवं' आणि 'पुढे कधीतरी लागेल' यांच्यातली रेघ तेव्हाही पुसट होती, आजही आहे. म्हणून मी प्रत्येक कलमाला तीन गोष्टी मागितल्या: पुस्तकातलं पान, मोजलेला आकडा, किंवा दिसणारं लक्षण. "इंजेक्टर क्लीनिंग"जवळ तिन्ही नव्हतं. १२ व्होल्टची छोटी बॅटरी लोड टेस्टमध्ये पास झाली. दोन्ही कलमं रद्द.

आणि सगळ्यात मोठी भीती, म्हणजे दहावं कलम: "हायब्रिड बॅटरी सर्व्हिस". सोबत तोंडी सल्ला, की बॅटरी आता कधीही जाईल. तिची कॅलिफोर्नियातली दहा वर्षं किंवा १,५०,००० मैलांची वॉरंटी वयामुळे संपलेली. या बॅटरीत २८ मोड्यूल असतात आणि गाडीचा कॉम्प्युटर त्यांचे दोन-दोनचे १४ ब्लॉक मोजतो. एक स्वस्त ओबीडी रीडर आणला आणि ब्रायटनच्या बाजूला नव्हे, आमच्या घराजवळच्याच चढावर आठवडाभर आकडे बघितले. चौदाही ब्लॉक एकमेकांच्या जवळ राहिले. एखादाच सारखा मागे पडू लागला तर काळजी.

पण बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याचा विचार करायलाच हवा होता. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिथून गाडीतलीच गार हवा बॅटरीकडे जाते. एका शनिवारी ट्रिम काढली (नारिंगी केबलींना हातही न लावता!) तर पंख्यावर आधीच्या मालकाच्या कुत्र्याच्या केसांची गोधडी. साफ केला. उद्या बाळाची सीट, दुपटी, पिशव्या सगळं याच जाळीशेजारी येणार. ती झाकू द्यायची नाही, हा नियम आता फ्रिजवर चिकटवला आहे.

शेवटी हिशोब असा: चार कलमं खरी (ऑइल, प्लग, कूलंट, ब्रेक फ्लुइड), एक अर्धं, पाच नकोत. ऑइल डीलरकडे झालंच होतं. बाकीचं फक्त हायब्रिडचं काम करणाऱ्या एका छोट्या गॅरेजात केलं. त्या मेकॅनिकने यादीत नसलेलं एक काम सुचवलं. या पिढीच्या प्रियसमध्ये ईजीआरच्या वाटा कार्बनने तुंबतात, आणि पुढे हेड गॅस्केट गेलेल्या गाड्या त्याने बऱ्याच पाहिल्या आहेत. पुस्तकात ही ओळ नाही, कारण पुस्तक छापलं तेव्हा एकही गाडी एवढी म्हातारी झाली नव्हती. म्हणजे काही ओळी यादीत उगाच राहतात, तशा काही अजून जन्मायच्या असतात. तेही साफ करून घेतलं. सगळं मिळून १,२०० डॉलरच्या आत.

पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे. २०२२ पासून हायक्रॉस आणि ग्रँड व्हिटाराची स्ट्राँग हायब्रिड मॉडेल्स आपल्या रस्त्यांवर आली आहेत. आज नवी कोरी आहेत, पण दहा वर्षांनी त्यांचीही यादी येईल. तेव्हा एकदम हो किंवा एकदम नाही म्हणू नका. एकेका ओळीला तिचं वय विचारा.

गॅरेजात काम सांगतानाच मी जुने पार्ट परत मागितले. मेकॅनिक म्हणाला, "तुमचा हक्कच आहे तो." इथल्या कायद्यातच तसं लिहिलंय! चार जुने प्लग आता आमच्या खिडकीत ओळीने उभे आहेत. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेक नीट पाहिला आणि म्हणाले, "हां. हे बदलायला झालेच होते."