पायी चालणाऱ्यांची पेठ

झावळ्यांच्या रविवारी आपल्या धर्मग्रामांतून मिरवणूक निघते, तेव्हा चर्चबाहेरचा रस्ता अर्धा-पाऊण तास चालणाऱ्यांचा होतो. वृद्ध माणसे काठी टेकीत रस्त्याच्या मध्यभागातून निर्धास्तपणे चालतात, मुले आईचा हात सोडून पुढे धावतात आणि वाहने निमूटपणे थांबतात. कोकणात शिमग्याच्या पालखीपुढेही असेच घडते. मिरवणूक संपली की रस्ता पुन्हा यंत्रांच्या ताब्यात जातो. हा अर्धा तास अपवाद का असावा, नियम का नसावा? या प्रश्नाचा मागोवा घेण्यासाठी आम्ही चिपळूणची बाजारपेठ निवडली आहे. कारण पेठेची नव्याने मांडणी हा तेथे हौसेचा नव्हे, तर जगण्याचा प्रश्न झालेला आहे.

चिपळूण हे वाशिष्ठीचे अपत्य. सह्याद्रीतून उतरणारी ही नदी पुढे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते आणि पडाव गोवळकोटच्या बंदरापर्यंत येत. तेथून माल पेठेत येई आणि बैलांच्या पाठीवर लादून कुंभार्ली घाटाने कराडकडे जाई. परतीच्या वाटेने देशावरचा कापूस उतरे व समुद्रमार्गे मुंबईस रवाना होई. समुद्र आणि घाट यांच्या मधला विसावा म्हणजे ही पेठ. माणूस, बैल आणि फार तर बैलगाडी, एवढाच हिशेब धरून अशा पेठांचे रस्ते आखले गेले. ते अरुंद होते, परंतु अपुरे नव्हते. ते अपुरे ठरले ते मोटारी आल्यावर.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशावर दक्षिण मराठा रेल्वे धावू लागली आणि घाटमार्गे उतरणारा व्यापार ओसरला. विसाव्या शतकात मुंबई-गोवा महामार्ग आला, १९९८ मध्ये संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली. बंदराचे महत्त्व संपले आणि ज्या नदीने गावाला जन्म दिला, तिच्याकडे गावाने पाठ फिरविली. बंदर असताना नदीचा तळ, तिचे काठ, तिची भरती-ओहोटी ही व्यापाऱ्याच्या नित्य चिंतेची बाब होती. पुढे ती चिंता कोणाचीच राहिली नाही.

नदी मात्र गाव विसरली नाही. २६ जुलै २००५ च्या महापुराने चिपळूणला हादरा दिला आणि २२ जुलै २०२१ रोजी त्याहूनही भीषण पूर आला. बाजारपेठेत तळमजलेच्या तळमजले बुडाले. व्यापाऱ्यांचा माल, हिशेबाच्या वह्या, यंत्रे, सारे चिखलात गेले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदा २००५ मध्ये पुराच्या पाण्यात सापडली होती. त्याच संस्थेने पुन्हा उभे राहून जानेवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरविले आणि २०२१ मध्ये तिला पुन्हा पुराला तोंड द्यावे लागले.

पुरानंतर पूररेषांचा प्रश्न उभा राहिला. पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये ते सशर्त. शहराचा मोठा भाग या रेषांमध्ये सापडल्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरा-दुकानांचे काय होणार, या चिंतेने नागरिक अस्वस्थ झाले. २०२१ च्या अखेरीस चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केले आणि त्यानंतर वाशिष्ठीतील गाळ काढण्याच्या कामाला वेग आला. नदीचा तळ ही पुन्हा एकदा पेठेची चिंता झाली.

संकटात उद्ध्वस्त झालेली पेठ पुन्हा उभारताना ती होती तशीच उभारावी की नव्या विचाराने? हा प्रश्न हॉलंडमधील रॉटरडॅमपुढेही होता. १४ मे १९४० च्या बॉम्बवर्षावात त्या शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. पुनर्रचनेत तेथे ‘लाइनबान’ नावाची पेठ बांधण्यात आली आणि १९५३ मध्ये ती खुली झाली. दोन्ही बाजूंस बुटकी दुकाने, मध्ये केवळ पायी चालणाऱ्यांचा रस्ता, माल उतरविण्याची सोय मागील बाजूस आणि लगतच राहण्यासाठी उंच इमारती, अशी तिची रचना होती. जगातील अनेक शहरांनी तिच्यापासून धडा घेतला.

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराने १९६२ मध्ये ‘स्ट्रॉयेट’ हा आपला मुख्य बाजाररस्ता मोटारींना बंद केला. आमच्या थंड देशात रस्त्यावर रमतगमत फिरणार कोण, असे टीकाकार विचारीत होते. व्यापाऱ्यांना तर गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती होती. म्हणून आधी प्रयोग केला, अनुभव घेतला आणि १९६४ मध्ये तो निर्णय कायम झाला. गिऱ्हाईक तुटले नाही, उलट वाढले.

याउलट अमेरिकेत कालामाझू शहराने १९५९ मध्ये आपला मुख्य रस्ता पादचाऱ्यांना दिला. तिचे अनुकरण करीत त्या देशात अशा सुमारे दोनशे पेठा झाल्या; परंतु त्यांतील बहुतेक पुढे पुन्हा मोटारींना खुल्या कराव्या लागल्या. कालामाझूच्या पेठेच्या काही भागावरही १९९८ मध्ये वाहने परतली. फरशी चांगली होती, बाकेही होती; परंतु माणसे शहराबाहेरच्या वस्त्यांत राहावयास गेली होती. पेठ भोवतालच्या वस्तीवर जगते. ती वस्ती उठली की नुसत्या सुशोभनाने पेठ तगत नाही.

आपल्या देशातही प्रयत्न झाले आहेत. दिल्लीचा चांदणी चौक सतराव्या शतकात शहाजहानची कन्या जहाँआरा हिने वसविला, तेव्हा त्याच्या मधोमध कालवा वाहत होता. त्याचा सुमारे सव्वा किलोमीटरचा मार्ग २०२१ मध्ये नव्याने बांधून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद करण्यात आला. नियम मोडणाऱ्या वाहनांच्या आणि अतिक्रमणांच्या तक्रारी त्यानंतरही येत राहिल्या. म्हणजे रस्ता बांधणे सोपे, तो राखणे अवघड. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला. वर्षातून एक दिवस का होईना, गजबजलेल्या त्या रस्त्यावर पुणेकर मोकळेपणाने चालले.

या साऱ्यातून चिपळूणने काय घ्यावे? आमच्या मते एकच गोष्ट: पेठेचा आराखडा फरशीपासून नव्हे, नदीपासून सुरू व्हावा. वाशिष्ठी आणि गावातून वाहणारी शिव नदी यांना मोकळी वाट मिळाली नाही, तर घातलेली प्रत्येक फरशी पुढच्या पुराची धनी. त्यानंतर पाण्याचा निचरा, मालासाठी वरचे मजले आणि पुराच्या वेळी वृद्ध व आजारी माणसांना गाठता येईल असा उंचावरचा आसरा. मग पेठेच्या कडेला वाहनतळ, मालाच्या गाड्यांना पहाटेची वेळ, मध्ये चालण्यास मोकळी जागा, सावली आणि स्वच्छतागृहे. टोपलीत भाजी, मासळी घेऊन बसणाऱ्या बाईलाही तिची जागा मिळाली पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिचा हक्क मान्य केला आहे. सुशोभनाच्या नावाखाली पहिली हकालपट्टी तिचीच होऊ नये. प्रयोग आधी आठवड्यातील एका संध्याकाळी करून पाहावा, व्यापाऱ्यांना सोबत घेऊन.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले आणि मोटारी व वाहनतळ यांनी शहरांची जी दुर्दशा केली आहे, तिचाही उल्लेख केला. श्रद्धेचा रस्त्याच्या आखणीशी काय संबंध, असे कोणी विचारील. अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य पायी चालले होते, म्हणून तर तो अनोळखी वाटसरू त्यांच्या जोडीने चालू शकला आणि बोलू शकला. चालणारा माणूस शेजाऱ्याला ओळखतो, दुकानदाराची विचारपूस करतो, दारात बसलेल्या म्हातारीपाशी थांबतो. पुराच्या रात्री कोणाच्या घरात कोण अडकले आहे, हे ज्याला ठाऊक असते तो हाच माणूस. वाशिष्ठीला तिची वाट आणि या माणसाला त्याची वाट परत मिळाली, तरच चिपळूणची पेठ पुन्हा वसली असे आम्ही म्हणू.