दाबोळीहून मुंबई जवळ, पण विमान कराचीला

दाबोळी ते मुंबई हे हवाई अंतर सरळ रेषेत साधारण 425 किलोमीटर. आजचं जेट विमान ते तासाभरात कापतं. पण दाबोळीचा विमानतळ 1955 साली सुरू झाला, तेव्हा तिथून मुंबईला विमानच नव्हतं. विमानं जायची ती दमण, दीव आणि थेट कराचीला.

याचं कारण त्या वेळच्या राजकारणात आहे. गोवा सोडायला पोर्तुगाल तयार नव्हता. 15 ऑगस्ट 1955 रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्याच वर्षी भारताने आर्थिक नाकेबंदी कडक केली आणि कॅसलरॉकहून कुळेंकडे उतरणारी रेल्वे बंद पडली. जमिनीवरची वाट अशी आवळली गेल्यावर पोर्तुगीज सरकारने आकाशातली वाट काढली. दाबोळी, दमण आणि दीव इथे धावपट्ट्या झाल्या आणि गोव्याची स्वतःची विमानसेवा उभी राहिली. पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'ताइप' म्हणत.

आता जरा हिशेब करून पाहू. ताइपची सुरुवातीची हेरॉन विमानं लहान, चार इंजिनांची, वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास. दाबोळी ते कराची सरळ रेषेत सुमारे 1,270 किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या तिप्पट. वाटेत न थांबता गेलं तरी चार तासांच्या वर वेळ लागणार. त्याच विमानाने मुंबई दीड तासात आली असती! पुढे मोठी विमानं आली आणि सेवा लिस्बनपर्यंत पोचली.

याची झळ बसली ती सामान्य गोवेकरांना. पिढ्यान् पिढ्या गोव्याची माणसं पोटापाण्यासाठी मुंबईत राहत आलेली. त्यांच्या घरची सुखदुःखं मुंबई-गोवा या वाटेवरची. कराची किंवा लिस्बनच्या विमानाचा त्यांना काय उपयोग? त्यांच्या वाट्याला सीमेवरची तपासणी आणि परवानग्यांचे सोपस्कारच आले.

18 डिसेंबर 1961 रोजी पुण्याहून भारतीय हवाई दलाची कॅनबेरा विमानं आली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पुणे ते दाबोळी अंतर 355 किलोमीटरच्या आसपास. विमानतळाच्या इमारतीला धक्का लागू नये अशी काळजी घेतली होती. तिथे उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमानंही वाचली. धावपट्टी कशीबशी वापरण्याजोगी करून ती रात्री उडाली आणि निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि ताइपचा कारभार आटोपला.

पुढे दाबोळी नौदलाकडे गेली, नागरी विमानंही तिथूनच उडू लागली. 2023 पासून मोपाहूनही मुंबईला विमानं जातात. 425 किलोमीटरचं अंतर तेव्हाही तेवढंच होतं. बदलली ती फक्त सरहद्द. म्हणून जुन्या प्रवासाचा इतिहास लिहिताना नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. त्या वर्षी कोणती वाट उघडी होती, हे आधी पाहायला हवं.