सभासद साखर

उत्तर नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, तांब्यातलं पाणी पिऊन होईपर्यंत चहा समोर येतो आणि तो गोडमिट्ट असतो. ही फार जुनी रीत आहे असं आमच्याकडचे लोक धरून चालतात. माझ्या सासूबाईंच्या लहानपणी ती नव्हती. त्यांचं माहेर पारनेरकडचं, जिराईत मुलखातलं. जन्म 1930 च्या आगेमागे. पाहुणा आला की पाणी आणि गुळाचा खडा, उन्हाळा असला तर ताक. कुणाला थंडी वाजून आली तरच चहाची पुडी डब्यातून निघायची, आणि तो चहा कोरा, गुळाचा. गुळाच्या चहात दूध घातलं की ते फाटतं, म्हणून दुधाचा प्रश्नच नव्हता.

सासूबाई सांगायच्या ते जेवण मी मुद्दाम लिहून ठेवलं आहे. सकाळी रात्रीची बाजरीची भाकरी, तिच्याबरोबर ताक नाहीतर शेंगदाण्याची चटणी. दुपारी शेतात भाकरी, कालवण, कांदा. रात्री भाकरी, कधी हुलग्याचं माडगं, कधी शेंगोळे. मधल्या वेळेला काही नाही. हंगामात बोरं, हरभऱ्याचा डहाळा, भाजलेलं कणीस. गोड खायचं ते सणाला. होळीला पुरणपोळी, नागपंचमीला दिंडं, संक्रांतीला तिळगूळ, लग्नात गुळाची लापशी. वर्षातले असे दिवस दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून संपत. हे दिवस सुखाचे होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या पिढीनं उपाशी रात्री काढल्या आहेत, बाळंतिणीला तूप मिळालं नाही म्हणून हळहळणाऱ्या बाया मी ऐकल्या आहेत. पण आज आमच्या घराघरात गोळ्यांची पाकिटं आहेत, गुडघे धरून उठणाऱ्या पन्नाशीच्या बाया आहेत. गोडाचा हा रतीब आमच्या ताटात कधी आणि कुठून आला, हे जाणून घेतल्याशिवाय तो बंद करता येत नाही, असं मला अनुभवानं वाटतं.

तो आला पाण्याबरोबर. 1896 आणि 1899 च्या दुष्काळांनी हा मुलूख पिळून काढला होता. त्यानंतर दुष्काळ टळावा म्हणून सरकारनं दख्खनमध्ये कालव्यांची कामं वाढवली. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा-उजवा कालवा संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवाशाकडं वाहू लागला. बाजरी-ज्वारी वाचवायला आणलेलं पाणी, पण पाणीपट्टी भरून पैसा उरेल असं पीक एकच होतं. हरिगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. बेलापूर रोड स्टेशनाभोवती वाढलेल्या वस्तीचं पुढं श्रीरामपूर झालं. कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस चढला आणि बाजरी माळावर गेली. अन्नाचं पीक मागं हटलं आणि विकायचं पीक पुढं आलं, इथून आमच्या स्वयंपाकघराचा इतिहास वळतो.

त्याआधी पांढरी साखर शहरातल्या ऐपतदार घरांत होती. मॉरिशसहून बोटीनं येणारी ती मोरस साखर, पुढं जावाचीही आली. 1905 च्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. ती साफ करताना हाडांचा कोळसा वापरतात या समजुतीनं अनेक घरांनी ती टाकली. चहाचंही तसंच. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींना चहा दिला गेला, त्यावर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. वाद मिशनऱ्यांच्या हातच्या चहाचा होता, साखरेचा नव्हे. तरी त्या काळात चहाचा एक कप किती मोठी गोष्ट ठरू शकत होती, हे त्यावरून दिसतं. पन्नास वर्षांनी तोच चहा बाजाराच्या गावी फुकट वाटला जात होता. 1930 नंतरच्या मंदीत परदेशात चहाचा उठाव घटला, तेव्हा चहा मळेवाल्यांच्या मंडळानं इथंच गिऱ्हाईक घडवायचं ठरवलं. त्यांची माणसं गावोगाव फिरून चहा करून दाखवत, कप वाटत, भिंतींवर पाट्या लावत. दूध आणि साखर घालून चहा कसा करायचा हे आपल्या आया-आज्या अशा प्रचारातून शिकल्या. तीच गोष्ट साखरेची. 1932 च्या कायद्यानं परदेशी साखरेवर जबर जकात बसली, आणि देशातले कारखाने चार-पाच वर्षांत तिसेकांवरून सव्वाशेच्या वर गेले. 1933 च्या सुमारास रावळगाव, मग माळीनगर. साखर देशी झाली, स्वस्त झाली, आणि तिच्यावरचा विटाळ गेला.

यानंतरचं पर्व आमच्या अभिमानाचं आहे आणि ते मी अभिमानानंच सांगते. 1950 साली लोणीजवळ प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. त्या पैशानं शाळा आल्या, दवाखाने आले, मुली शिकल्या. मी शिक्षिका झाले ती त्याच पैशातून निघालेल्या शाळेत. प्रवरेच्या पाठोपाठ राज्यभर असे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर आली सभासद साखर.

ज्यांनी ही पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. शेअर असलेल्या सभासदाला कारखाना बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दरात साखर देतो. त्याचं कार्ड असतं. महिन्याची साखर वेगळी, दिवाळीची वेगळी. दिवाळीच्या आधी गोडाऊनपुढं रांगा लागतात, मोटारसायकलीच्या टाकीवर पोतं आडवं टाकून माणसं घरी येतात. शहरात साखरेसाठी रेशनच्या दुकानापुढं लोक ताटकळत होते, तेव्हा आमच्या घरात कोपऱ्यात पोतं उभं असायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा या पोत्याचा मान पाहिला आहे. मुलगी माहेराहून निघाली की तिच्या पिशवीत दोन-चार किलो साखर, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना साखर, शाळेत झेंडावंदनाला साखर. उसाच्या घरात साखर मोजून घालणं हलकं मानलं जायचं. चहात चमचा बुडवायचा नाही, वाटीनं ओतायची.

त्याच सुमारास घरोघर संकरित गाई आल्या, डेअरी आली, सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जाऊ लागलं. पूर्वी दुधाचं ताक-लोणी व्हायचं. आता दूध डेअरीला आणि घरी राहील ते चहाला. ताक ताटातून गेलं. उसाचा पैसा आला तशी भाकरीच्या जागी चपाती आली, कारण गहू हे बरं दिसणाऱ्याचं धान्य होतं. न्याहारीला भाकरीऐवजी चहा-बिस्कीट, चहा-खारी, चहा-टोस्ट. लग्नातली लापशी गेली, बुंदी आणि जिलबी आली. गडीमाणसं मात्र तेव्हाही दिवसभर पाण्यात-चिखलात राबत होती, त्यामुळे हे गोड अंगावर दिसलं नाही. ते दिसलं ट्रॅक्टर, मोटर आणि मोटारसायकल आल्यावर. खाणं वाढलं आणि कष्ट घटले, हे दोन्ही एकाच पिढीत झालं.

मी गणित शिकवायचे, म्हणून आकडा मांडते. एका कपात भरून दोन चमचे, म्हणजे साधारण 10 ग्रॅम साखर. दिवसाचे चार कप ही आमच्याकडं कमीतली कमी गोष्ट. म्हणजे माणशी 40 ग्रॅम, महिन्याला 1 किलो 200 ग्रॅम. सहा माणसांच्या घरात वर्षाला 86 किलो. आजच्या 50 किलोच्या मापानं जवळजवळ पावणेदोन पोती, आणि ती फक्त चहात. लाडू, शिरा, बिस्किटं वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलेली मर्यादा अशी की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेचा दहा टक्क्यांहून कमी भाग यावा, आणि पाच टक्क्यांहून कमी असेल तर अधिक चांगलं. हे पाच टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. आमचा नुसता चहाच हे 25 ग्रॅम ओलांडून पुढं जातो. 40 ग्रॅम साखरेत 160 कॅलरी असतात, एका मध्यम भाकरीच्या पाऊण हिश्शाइतक्या. भाकरी पोट धरते, तंतू देते, लोह देते. चहातली साखर यातलं काहीच देत नाही, आणि तिनं जेवण कमीही होत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेहाची दहा कोटींहून जास्त माणसं आहेत. आमच्या गल्लीत दार सोडून दार हा आजार आहे.

माझं वजन वाढलं, साखर काठावर आली, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी कुठलाही महागडा आहार सांगितला नाही. त्यांनी विचारलं, "बाई, दिवसात चहा किती?" आणि मग म्हणाले, "आधी तो फिका करा, बिस्कीट सोडा, एका वेळेला बाजरीची भाकरी घ्या, पालेभाजी दुप्पट करा, जेवणानंतर चाला. तीन महिन्यांनी या." औषध लागलं तर तेही देईन म्हणाले. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी स्वतःच्या मनानं बंद करू नयेत, हेही त्यांनी बजावलं होतं.

मला लवकरच कळलं की एकटीनं फिका चहा पिणं अशक्य आहे. आमच्या घरात चहा एका पातेल्यात होतो आणि साखर उकळतानाच पडते. माणसाच्या निग्रहाचा प्रश्न पुढचा, आधी पातेल्याचा. म्हणून मी चहा बिनसाखरेचा उकळायला लागले आणि साखरेची वाटी व चमचा ट्रेमध्ये बाजूला ठेवू लागले. सासूबाई तेव्हा हयात होत्या. "पाहुण्याला फिका चहा? लोक म्हणतील कारखान्याचे सभासद आणि घरात साखर नाही." त्यांचं दुखणं खरं होतं. साखर हा त्यांच्या पिढीनं कमावलेला मान होता; पारनेरच्या कोरड्या माळावरून आलेल्या बाईला त्या पोत्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या माहेरी पाहुण्याला काय द्यायचे? तेच देऊ." ताक सुरू झालं, दळणात बाजरी परत आली. थंडीत त्यांनीच माझ्या सुनांना शेंगोळे वळायला शिकवले. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना मोडते म्हणून धाकटी सून चिडायची. पीठ ताजं दळलेलं हवं आणि पाणी गरम, हे सासूबाईंनी पलंगावरून सांगितलं. वजन हळूहळू उतरलं, जिने चढताना धाप कमी झाली. घाई केली नाही म्हणूनच ते टिकलं, असं माझं मत आहे.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण ती आज नको तितकी पसरते आहे. साखर सोडून गूळ धरला की झालं, असं लोक समजतात. रस्त्यारस्त्यावर गुळाच्या चहाची दुकानं निघाली आहेत. गुळात थोडं लोह, थोडे क्षार असतात, पण त्याचा मोठा हिस्सा साखरच आहे, आणि रक्तातली साखर तो तशीच वाढवतो. आमच्या आधीच्या पिढीला गूळ बाधला नाही, कारण तो सणाला होता, खडा होता. दिवसातून चार कप गुळाचा चहा कुणी पीत नव्हतं.

गावात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र आरोग्याचा नसतो. "बाई, सगळ्यांनी साखर सोडली तर आपला ऊस कोण घेणार?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, आमचं घरही उसावर चालतं. पण देशातली साखर मोठ्या प्रमाणात मिठाई, शीतपेयं आणि बिस्किटांच्या कारखान्यांत जाते. आता कारखाने इथेनॉलही करतात, वीजही विकतात. उसाचा भाव टिकवायला आमच्या सुनांनी, नातवंडांनी कपातून साखर पचवलीच पाहिजे असं नाही. आणि ज्या कालव्यानं ऊस आणला त्याच पाण्यावर भाजीपाला, हरभरा, डाळी येतात. आमच्या बांधावरच्या अर्ध्या एकरात घरची बाजरी निघते आणि वर्षभर पुरते.

महिला बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय मांडला, तेव्हा वाद झाला. एकीनं विचारलं, हळदी-कुंकवाला काय द्यायचं? दुसरी म्हणाली, आमच्या घरी म्हातारा फिका चहा फेकून देईल. शेवटी एक गोष्ट ठरली. बैठकीचा चहा बिनसाखरेचा होईल, वाटी बाजूला राहील, ज्याला हवी त्यानं घ्यावी. मग सभासद साखरेतली दिवाळीची साखर ज्यांना नको असेल त्यांनी ती उचलून गावच्या आश्रमशाळेला द्यावी, असं एकीनं सुचवलं. मी विरोध केला. आपल्याला जे नको ते पोरांच्या ताटात का घालायचं? आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना विचारलं, त्यांनी तेवढ्या पैशांत शेंगदाणे मागितले. आता साखर बाजारभावानं विकून शेंगदाण्याचं पोतं पोचवायचं, याचा हिशेब आमच्या गटाच्या वहीत चालू आहे.