पेठ, बोर्डिंग आणि नवी वही

१८९४ साली शाहू छत्रपतींनी कारभार हाती घेतला तेव्हा राजाराम कॉलेज चालू होऊन चौदा वर्षे झाली होती. तरी दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. कॉलेज होते, पण खेड्यातल्या मुलाने राहावे कोठे, आणि शिकून करावे काय? महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची गुळाची पेठ वसविली, १९०१ साली मराठा बोर्डिंग काढविले, आणि २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या.

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या मुलांपुढे आज ब्लॉकचेन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. ब्लॉकचेन पेठेतल्या माणसाला चटकन कळेल. वही एकच, प्रती पुष्कळांकडे; एकाने मागली नोंद खोडली की बाकीच्या प्रती त्याला खोटे पाडतात. कोल्हापुरी म्हणून भलताच गूळ खपतो, तेथे अशी वही कामास यावी. मात्र पहिलीच नोंद खोटी असेल तर वहीला ते कळत नाही. गुळव्याला कळते! रंगावरून गुळाची प्रत सांगणारे यंत्रसुद्धा आधी जाणत्याच्या निवडीवरूनच शिकणार.

तेव्हा असा धंदा काढू म्हणणाऱ्या मुलाने एक हंगाम गुऱ्हाळावर आणि सौद्यांत काढावा, असे आम्हांस वाटते. त्या चार महिन्यांच्या त्याच्या जेवणाखाण्याचे काय, ते पेठेतल्या पेढीवाल्यांनी ठरवावे.