टॅटू, सुई आणि कावीळ : न्यूयॉर्कच्या बंदीची गोष्ट

टॅटू काढायचा म्हटले की बहुतेकांना भीती वाटते ती दुखण्याची किंवा शाईच्या अ‍ॅलर्जीची. पण एकेकाळी डॉक्टरांना टॅटूमुळे मोठी धास्ती होती ती काविळीची. तिच्यापायी न्यूयॉर्क शहरात टॅटू काढण्यावर 36 वर्षे बंदी होती. ती हकिगत आजही आपल्या उपयोगाची आहे.

1891 साली न्यूयॉर्कमध्येच सॅम्युअल ओ'रायली यांनी विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट घेतले. काम झटपट होऊ लागले. पण दुकानांतली जुनी पद्धत तशीच राहिली. सगळ्यांना एकाच वाटीतली शाई, आणि बादलीत बुडवलेल्या एकाच स्पंजने सगळ्यांची कातडी पुसायची. टॅटूची सुई त्वचेच्या आतल्या थरात जाते. तिथे बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे रक्तही एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचू शकते.

1950च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या काविळीच्या काही रुग्णांचा संबंध टॅटूच्या दुकानांशी जोडला गेला. 1961 साली शहराने बंदी घातली. एक टॅटू कलाकार न्यायालयात गेला, पण 1966 मध्ये तिथेही बंदी कायम राहिली.

लक्षात घ्या, बंदी आली तेव्हा हिपॅटायटिस बी चा विषाणू कोणी ओळखलेलाही नव्हता. पुढे बारूख ब्लूमबर्ग यांच्या संशोधनातून तो सापडला आणि त्यांना 1976 चे नोबेल मिळाले. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. लागण झाल्यावर कावीळ दिसायला एक ते सहा महिने लागू शकतात. तोवर टॅटूची आठवणही राहत नाही.

बंदीने टॅटू थांबले का? नाही. ते बंद दाराआड, घरांत सुरू राहिले. तिथे स्वच्छता तपासायला कोण जाणार? अखेर 1997 मध्ये बंदी उठली आणि कलाकारांना परवाना व जंतुसंसर्ग टाळण्याचे शिक्षण सक्तीचे झाले. दरम्यान एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी हेही विषाणू कळले होते. तेही रक्तातून पसरतात, म्हणून त्यांच्यासाठीही काळजी तीच.

आपल्याकडे गोंदण जुनेच आहे. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदले, तर धोका न्यूयॉर्कसारखाच. म्हणून टॅटू काढण्यापूर्वी एवढे पाहा :

- सुईचे सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे.
- शाई तुमच्यासाठी वेगळ्या, नव्या छोट्या कपात ओतलेली हवी. उरलेली परत बाटलीत जाता कामा नये.
- हातमोजे नवे हवेत. पुन्हा वापरायची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली हवीत. नुसते स्पिरिटने पुसणे पुरेसे नाही.
- हिपॅटायटिस बी ची लस आधीच पूर्ण करा. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीवर लस नाही.
- मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा जखमेचा व्रण जाड होऊन वाढत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.
- टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करू नका.

टॅटू काढल्यानंतरच्या काही महिन्यांत भूक गेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि टॅटू काढल्याचे न विसरता सांगा.